ग्राफवरून घातांकी फलाचे स्थिरांक काढताना तिसरा बिंदू बसत नसेल तर

अडचण नेहमी एकाच रूपात समोर येते. वहीत किंवा प्रश्नपत्रिकेत एक ग्राफ असतो, त्यावर दोन-तीन बिंदू ठळक केलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं: हा वक्र य = अ × ब^क्ष + क या फलाचा आहे, तर अ, ब आणि क काढा. (घात दाखवायला इथे ^ ही खूण वापरतो, ब^क्ष म्हणजे ब चा क्ष वा घात.) मुलं दोन बिंदू घेतात, भागाकार करतात, चार ओळींत उत्तर येतं. ते दोन बिंदू त्या उत्तरात बसतातही. मग तिसरा बिंदू घालून बघितला की सगळं फिसकटतं. "सर, दोन बसायलेत, तिसरा बसंना," हे वाक्य मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना दरवर्षी ऐकतो. यात हुशार मुलंही असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. वक्राची उंची क्ष-अक्षापासून मोजलेली असते. घातांकी फलात जी गोष्ट दर पावलाला ठरावीक पटीने वाढते किंवा घटते, ती म्हणजे वक्राचं त्याच्या असिम्प्टोटपासूनचं अंतर. असिम्प्टोट म्हणजे ती आडवी रेषा, जिच्या जवळ वक्र जात राहतो पण तिला टेकत नाही. कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या पोराची उंची रस्त्यापासून मोजली तर कट्टाही त्यात धरला जातो. इथे क हा तो कट्टा आहे. तो आधी वजा केल्याशिवाय एकही गुणोत्तर खरं येत नाही.

साधं उदाहरण, जिथे चूक उघडी दिसते

वक्र (०, ५), (१, ७) आणि (२, ११) मधून जातो. डावीकडे तो य = ३ या रेषेकडे सपाट होत जातो.

घाईत काय होतं? क्ष शून्य असताना य पाच आहे, म्हणून अ = ५. पुढच्या पावलाला ७, म्हणून ब = ७/५ = १.४. क्ष = २ साठी ५ × १.९६ = ९.८ येतं. ग्राफवर मात्र ११ आहे. इथे बरीच मुलं "ग्राफ वाचायला चुकलो असेन" म्हणून पुन्हा पट्टी लावतात. पट्टीचा इथे काही दोष नाही.

आता प्रत्येक य मधून ३ वजा करा. ५, ७, ११ चे झाले २, ४, ८. दर पावलाला दुप्पट. म्हणजे ब = २, आणि क्ष शून्य असतानाचं अंतर २ म्हणून अ = २. फल झालं य = २ × २^क्ष + ३. तिन्ही बिंदू बसतात.

य-अक्षावरचा छेद हा अ नसतो, तो अ + क असतो. फळ्यावर ही एकच ओळ मी कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि तास संपेपर्यंत पुसू देत नाही. क शून्य असेल तेव्हाच छेद म्हणजे अ. पाठ्यपुस्तकातली सुरुवातीची बरीचशी उदाहरणं क शून्य असलेलीच असतात, त्यामुळे हात त्याच वळणाला लागतो आणि पुढे तेच नडतं.

असिम्प्टोट ग्राफवर दिसतच नाही

याची तीन कारणं मला वारंवार भेटतात आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे.

पहिलं अगदीच व्यवहारातलं. मूळ प्रश्नपत्रिकेत असिम्प्टोट बारीक तुटक रेषेने दाखवलेली असते. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा मोबाइलवर फोटो, तो फोटो पुन्हा प्रिंट, असा प्रवास झाला की ती रेषा आधी पुसट होते आणि मग नाहीशीच होते. वक्र आणि अक्ष ठळक म्हणून टिकतात. अशा कागदावर वक्राचा सपाट भाग बघा आणि तो ज्या उंचीवर आडवा होतोय तिथे पट्टी ठेवून य-अक्षावरचा आकडा वाचा. कागद डोळ्याच्या पातळीला धरून वक्राच्या दिशेने तिरपं बघितलं तर सपाट होणारी पातळी चटकन कळते.

दुसरं, य-अक्ष शून्यापासून सुरू झालेला नसतो. अक्षावरचा सगळ्यात खालचा आकडा ३० असतो आणि वक्र तळाच्या रेषेला लागून चाललेला दिसतो. डोळा म्हणतो असिम्प्टोट शून्य. आकडा म्हणतो तीस. अक्षावरचे किमान दोन आकडे वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

तिसरं कारण खरं अवघड आहे: ग्राफमध्ये वक्राचा सपाट भाग आलेलाच नाही. प्रयोगाच्या ग्राफमध्ये हे सर्रास घडतं, कारण तास संपतो आणि पाणी अजून गरमच असतं. याच ठिकाणी जरा थांबून बघण्यासारखं आहे.

बारावीच्या गणितात अवकल समीकरणांच्या उपयोजनात न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम येतो. गरम वस्तूचं तापमान भोवतालच्या तापमानाकडे घातांकी वक्राने उतरतं. सोलापुरात मे महिन्यात घरातल्या खोलीचंच तापमान सहज ३६ अंश असतं, तेव्हा असिम्प्टोट शून्य धरण्याचा प्रश्नच येत नाही. समजा झाकण ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याच्या नोंदी अशा आहेत: सुरुवातीला ८४ अंश, १० मिनिटांनी ७२, २० मिनिटांनी ६३, ३० मिनिटांनी ५६.२५.

सरळ भागाकार करून बघा. ७२/८४ = ०.८५७. ६३/७२ = ०.८७५. ५६.२५/६३ = ०.८९३. गुणोत्तर स्थिर नाही, ते हळूहळू एकाकडे सरकतंय. हे लक्षण ओळखायला शिका. उतरत्या वक्रात सारख्या अंतरावरच्या मापांची गुणोत्तरं अशी एकाच दिशेने सरकत एकाच्या जवळ जाऊ लागली, की वजा न केलेला धन क कुठेतरी बसलेला आहे असं समजायचं.

आता मापांऐवजी फरक घ्या. ८४ वरून ७२, फरक १२. मग ९. मग ६.७५. या फरकांची गुणोत्तरं: ९/१२ = ०.७५, ६.७५/९ = ०.७५. स्थिर. क हा सगळीकडे सारखाच मिसळलेला असल्यामुळे वजाबाकीत तो आपोआप गळून जातो, म्हणून फरकांचं गुणोत्तर क माहीत नसतानाही खरं येतं. पुढचं सोपं आहे. पहिल्या पावलातली घट १२ आहे आणि ती असिम्प्टोटपासूनच्या अंतराचा पाव भाग आहे (१ − ०.७५ = ०.२५). म्हणजे ते अंतर ४८. ८४ − ४८ = ३६. क मिळाला. अ = ४८. दहा मिनिटांत ०.७५ पट, म्हणून दर मिनिटाला ०.७५ चं दहावं मूळ, जवळजवळ ०.९७१६.

हेच एका सूत्रात हवं असेल तर सारख्या अंतरावरचे तीन बिंदू घ्या, त्यांच्या उंच्या य१, य२, य३:

क = (य१ × य३ − य२²) ÷ (य१ + य३ − २ × य२)

आकडे घाला: (८४ × ६३ − ७२²) ÷ (८४ + ६३ − १४४) = १०८ ÷ ३ = ३६.

सूत्र बरोबर आहे, तरी त्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. छेदात फक्त ३ आहे हे बघा. तिसरी नोंद ६३ ऐवजी ६२.५ वाचली, म्हणजे थर्मामीटरवर अर्ध्या अंशाची चूक झाली, तर क येतो २६.४. उलट ६३.५ वाचली तर ४२.९. वाचनातल्या अर्ध्या अंशाने असिम्प्टोट सोळा अंशांच्या पट्ट्यात इकडून तिकडे फिरते. प्रयोगवहीत खोलीचं तापमान २६ आलं आणि भिंतीवरचा थर्मामीटर ३६ दाखवत असला, की मुलांना वाटतं नियमच चुकीचा आहे. प्रत्यक्षात बिंदू फार जवळचे निवडलेले असतात.

उपाय म्हणजे बिंदू लांब लांब घेणं. त्याच भांड्याच्या ०, ३० आणि ६० मिनिटांच्या नोंदी घेतल्या तर त्या ८४, ५६.२५ आणि जवळपास ४४.५ येतात. सूत्रातून क = ३५.९. आता शेवटची नोंद अर्ध्या अंशाने खाली वाचली तर ३४.३, वर वाचली तर ३७.३. चूक तेवढीच, पण तिचा फटका दीड अंशाचा. ग्राफवरून क काढायचा असेल तर तीन बिंदूंमधला तिसरा शक्य तितका उजवीकडचा, वक्र वाकून झाल्यानंतरचा घ्या. हा एक नियम पाळला तरी माझ्या अनुभवात प्रयोगवहीतल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

प्रयोग खरोखर करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. उघड्या भांड्यातलं पाणी सुरुवातीला वाफेवाटेही उष्णता गमावतं, त्यामुळे पहिल्या काही नोंदी घातांकी वक्रापेक्षा जास्त वेगाने उतरतात. झाकण ठेवा, किंवा सत्तर अंशांच्या खाली आल्यावर नोंदी सुरू करा. आणि पंखा. प्रयोग चालू असताना मध्येच लाइट गेली, पंखा थांबला, तर त्या क्षणापासून ब बदलतो. वक्राला तिथे बारीकसा कोपरा पडतो. कोपऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे बिंदू एकत्र घेऊन काढलेला कुठलाच स्थिरांक कामाचा नाही. एकाच बाजूचे घ्या.

असिम्प्टोट म्हणजे खोलीचंच तापमान, असंही आधीच गृहीत धरू नका. माठात पाणी भरून ठेवलं तर ते खोलीच्या तापमानाला थांबत नाही, त्याच्याही खाली उतरतं, कारण माठाच्या अंगातून पाझरणारं पाणी सतत वाफ होऊन उष्णता घेऊन जातं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. माठाच्या ग्राफमध्ये क म्हणून ३६ घातलं तर काही नोंदींसाठी य − क ऋण येईल आणि लॉग घेताच कॅल्क्युलेटर एरर दाखवेल. क ग्राफने सांगायचा असतो, आपण त्याच्यावर लादायचा नसतो.

वक्र चढतोय, तरी ब एकापेक्षा लहान

"वर जातोय म्हणजे ब एकापेक्षा मोठा" हा ठोकताळा फक्त अ धन असतानाच चालतो. वक्र असिम्प्टोटच्या खाली असेल तर अ ऋण असतो आणि सगळं उलटतं.

चिन्हं ठरवताना चढ-उतार बघायचाच नाही. दोन प्रश्न विचारायचे. वक्र असिम्प्टोटच्या वर आहे की खाली? वर असेल तर अ धन, खाली असेल तर अ ऋण. वक्र असिम्प्टोटला कुठल्या बाजूला चिकटत जातो? डावीकडे चिकटत असेल तर ब एकापेक्षा मोठा, उजवीकडे चिकटत असेल तर ब शून्य आणि एक यांच्या मधला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून गोंधळ होत नाही.

असिम्प्टोट य = ४, वक्र (०, १) आणि (१, २) मधून चढतो आणि उजवीकडे ४ कडे सपाट होतो. वजा करा: १ − ४ = −३, २ − ४ = −२. ब = (−२)/(−३) = २/३, अ = −३. भागाकारात दोन्हीकडे ऋण चिन्ह आलं तर घाबरू नका, ते कटतं. एकाच बाजूला ऋण आलं तर मात्र थांबा. त्याचा अर्थ एक बिंदू असिम्प्टोटच्या वर आणि दुसरा खाली, आणि घातांकी वक्र असिम्प्टोट कधीच ओलांडत नाही. क चुकलाय.

डिप्लोमाच्या मुलांना हाच वक्र कपॅसिटर चार्ज होताना भेटतो. ५ व्होल्टचा पुरवठा, १० किलोओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. टाइम कॉन्स्टंट म्हणजे दोघांचा गुणाकार, १० सेकंद. दहा सेकंदांनी ३.१६ व्होल्ट यायला हवेत, म्हणजे शेवटच्या पातळीच्या ६३.२ टक्के. इथे क = ५, अ = −५, आणि दर सेकंदाचा ब जवळपास ०.९०५.

प्रयोगात मात्र पहिल्या दहा सेकंदांच्या नोंदीवरून टाइम कॉन्स्टंट १०.४ येतो आणि तीस सेकंदांच्या नोंदीवरून १२.४. कुठला बिंदू घेतला त्यावर उत्तर बदलतं, हे पुन्हा क चुकल्याचंच लक्षण. कारण बहुधा मीटर असतो. लॅबमधला जुना काट्याचा मीटर, व्होल्टला २० किलोओहमवाला, दहा व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा असतो आणि तो कपॅसिटरला समांतर बसतो. मग शेवटची पातळी ५ राहत नाही, ५ × २००/२१० = ४.७६ व्होल्टवर येते, आणि टाइम कॉन्स्टंटही ९.५ होतो. क म्हणून ५ ऐवजी ४.७६ वजा करा, सगळ्या बिंदूंवरून एकच उत्तर येईल. डिजिटल मल्टिमीटर साधारण १० मेगाओहमचा असतो, त्याने हा त्रास होत नाही. आणि उत्तर सगळीकडे स्थिर येतंय पण १० ऐवजी ११.४ आहे, तर गणितात चूक शोधू नका; इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या मूल्यात २० टक्के इकडेतिकडे चालतं.

बिंदूंमधलं अंतर एक नाही

हे पटकन. वक्र (१, ६) आणि (४, ४८) मधून जातो, क शून्य. ४८/६ = ८, आणि बरीच मुलं ब = ८ लिहून मोकळी होतात. ही आठपट तीन पावलांत झालीय. ब म्हणजे ८ चं घनमूळ, २. आणि ६ हा अ नाही, कारण तो क्ष = १ वरचा आहे; एक पाऊल मागे या, अ = ३. अंतर दोन असेल तर वर्गमूळ घ्यावं लागतं आणि धन-ऋण असे दोन पर्याय दिसतात. पाया, म्हणजे ब, नेहमी धन, ऋण पर्याय सोडून द्या.

दोघांची उत्तरं वेगळी, पण दोघांचाही ग्राफ जुळतो

प्रश्नात फल य = अ × ब^(क्ष − ह) + क असं दिलं असेल आणि चारही अक्षरं अज्ञात असतील, तर एक मुलगी लिहिते अ = ३, ह = ०; शेजारचा लिहितो अ = १२, ह = २. दोघांचा ब २ आणि क सारखाच. मग वाद. ३ × २^क्ष आणि १२ × २^(क्ष − २) हे एकच फल आहे, कारण १२ ला २ च्या वर्गाने भागलं की ३. अ आणि ह हे दोन्ही ग्राफवरून वेगवेगळे काढताच येत नाहीत, कितीही बिंदू दिले तरी. आडवं सरकवणं आणि गुणकाने ताणणं यांचा परिणाम घातांकी वक्रावर सारखाच होतो.

ब^(मक्ष) मधल्या ब आणि म चंही तसंच: ८^क्ष आणि २^(३क्ष) एकच.

म्हणून आकडेमोडीला लागण्याआधी मोजा की खरोखर स्वतंत्र अज्ञात किती आहेत. या फलात ते तीनच: उंचीची पातळी (क), गुणक (अ), पाया (ब). चौथं अक्षर दिसलं तर प्रश्नात त्यातलं एक कुठेतरी बांधलेलं असतं, "पाया २ आहे" किंवा "अ = १" असं. ते वाक्य शोधा. नसेल तर प्रश्न अपुरा आहे आणि शिक्षकांना तसं खुशाल सांगा. परीक्षेत ह = ० धरून, तसं स्पष्ट लिहून उत्तर द्या. अपुरा प्रश्न काढणाऱ्यांनीही थोडं सांभाळायला हवं. यात मुलांचा आत्मविश्वास विनाकारण जातो.

कॅल्क्युलेटर आणि एक्सेल

पाया ई (म्हणजे २.७१८…) असलेलं रूप हवं असेल, य = अ × ई^(मक्ष) + क, तर म म्हणजे ब चा नैसर्गिक लॉग. कॅल्क्युलेटरवर त्यासाठी एलएन लिहिलेली की आहे. लॉग लिहिलेली की दहाच्या पायाची. उत्तर अपेक्षेपेक्षा बरोबर २.३०३ पटीने लहान आलं तर चुकीची की दाबली गेली, दुसरं कारण शोधत बसू नका.

एक्सेलचं प्रकरण मात्र जास्त घातक आहे, कारण तिथे चूक सुबक दिसते. चार्टवर उजवं क्लिक करून एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन घातली की एक्सेल अ × ई^(मक्ष) एवढंच बसवतं. त्यात क साठी जागाच नाही. वरच्या गरम पाण्याच्या चार नोंदी तशाच घालून बघा. एक्सेल सांगेल अ जवळपास ८३.१५ आणि म जवळपास −०.०१३४. खाली आर-वर्ग (वक्र नोंदींवर किती नीट बसला ते सांगणारा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९५, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल उत्तम जमलं. खरा म −०.०२८८ आहे, दुपटीहून जास्त. आणि एक्सेलच्या त्या समीकरणात दोन तास घातले तर पाण्याचं तापमान १६.७ अंश येतं. मे महिन्यात, सोलापुरात, ३६ अंशांच्या खोलीत ठेवलेलं पाणी आपलं आपण सतरा अंशांच्या खाली! आर-वर्ग बघून समाधान मानू नका, वक्र पुढे नेऊन त्याचं म्हणणं शक्य कोटीतलं आहे का ते बघा.

दुरुस्ती सोपी आहे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक नोंदीतून क वजा करा आणि ट्रेंडलाइन त्या रकान्यावर घाला. वजा केल्यावर शून्य किंवा ऋण आकडा आला तर एक्सेल एक्स्पोनेन्शियलचा पर्यायच निवडू देत नाही. अ ऋण असलेल्या वक्रासाठी क मधून नोंद वजा करा, म्हणजे आकडे धन राहतील, आणि शेवटी चिन्ह परत लावा. डेसमॉस या ग्राफ काढायच्या ॲपमध्ये तिन्ही स्थिरांक एकदम बसवता येतात, मोबाइलवरही चालतं, आणि या कामासाठी मी मुलांना तेच सुचवतो.

काहीच जुळत नाही

सारख्या अंतरावरचे चार बिंदू घ्या, तीन फरक काढा, त्या फरकांची दोन गुणोत्तरं बघा. गुणोत्तरं सारखी नसतील आणि वाचनही नीट असेल, तर वक्र एकाच घातांकी फलाचा नाही. फरकांचे फरक स्थिर आले तर तो पॅराबोला आहे. तीनच बिंदू असतील तर ही कसोटी लागत नाही, आणि तिथेच फसगत होते, कारण तीन बिंदूंवरून सूत्र काही ना काही क देतंच.

सोलापूर शहराच्या लोकसंख्येवर हे करून बघा. जनगणनेचे आकडे: १९९१ मध्ये सुमारे ६.०४ लाख, २००१ मध्ये ८.७२ लाख, २०११ मध्ये ९.५२ लाख. दहा-दहा वर्षांचं सारखं अंतर, तीन बिंदू. फरक २.६८ आणि ०.८०. गुणोत्तर जवळपास ०.३०. सूत्राप्रमाणे क येतो ९.८६ लाख. म्हणजे वक्राचं म्हणणं असं, की सोलापूरची लोकसंख्या ९.८६ लाखांच्या पुढे कधी जाणारच नाही. गणितात एकही चूक नाही, तरी उत्तर निरर्थक आहे.

कारण इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि भोवतालची गावं शहरात आली. आजही आपण त्या वस्त्यांना हद्दवाढ भागच म्हणतो. १९९१ चा बिंदू लहान शहराचा आहे, पुढचे दोन मोठ्या शहराचे. मधली उडी वाढीच्या दराची नाही, नकाशा बदलल्याची आहे. १९९१ आणि २००१ वरून दर काढला तर वर्षाला ३.७ टक्के येतो, २००१ आणि २०११ वरून ०.८८ टक्के. एकाच शहराचे दोन दर इतके लांब पडले, तर आधी दोन्ही वेळा मोजलेली वस्तू एकच होती का ते तपासायचं.

१९९१ चा बिंदू सोडा. उरलेल्या दोन बिंदूंवरून क शून्य धरून अ = ८.७२ लाख आणि ब = १.००८८ येतो, क्ष म्हणजे २००१ पासूनची वर्षं. दोन बिंदू, दोन अज्ञात, त्यामुळे वक्र दोन्हींतून तंतोतंत जाणारच. ते उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नाही. तिसरा बिंदू २०२१ च्या जनगणनेने दिला असता, ती ठरल्या वेळी झाली नाही. या समीकरणाने २०२१ साठी १०.३९ लाख येतात. प्रकल्पवहीत हा आकडा लिहायचा असेल तर शेजारी "दोन बिंदूंवरून, क = ० धरून" असंही लिहा.